कुणी उरलं नाही म्हणून राणी

जत संस्थानाच्या राज्यकर्त्यांची यादी सटवाजीराव डफळ्यांपासून सुरू होते आणि १९४८ च्या विलीनीकरणाशी संपते. त्या यादीत मधेच एक छोटी ओळ आहे : साळूबाई, १८२२ ते १८२३. आधीच्या ओळीत रेणुकाबाई, नंतरच्या ओळीत रामराव. इतरांच्या नावापुढे दहा, वीस, अगदी अठ्ठेचाळीस वर्षंही आहेत. साळूबाईंच्या वाट्याला जेमतेम एक.

मी सांगली जिल्ह्यात तलाठी होते. माहेर साताऱ्याचं, नोकरीची बरीच वर्षं जत तालुक्यात गेली. वारस नोंदी धरणं हे माझं रोजचं काम. घरचा माणूस गेला की तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं. लोक मृत्यूचा दाखला घेऊन यायचे, मी सहा-क च्या वहीत वारसांची नावं लिहायची, मग फेरफार, नऊची नोटीस, सर्कलची सही आणि शेवटी सातबारावर नाव. हे सगळं इतकं अंगवळणी पडलं की राजघराण्यांचा इतिहास वाचतानाही लढायांच्या आधी मला तेच दिसतं : माणूस गेल्यावर नाव कुणाचं लागलं आणि ते लावलं कुणी?

साळूबाईंची ओळ मला कळली ती हे दोन प्रश्न विचारल्यावर. त्या प्रश्नांचं सगळ्यात ठसठशीत उत्तर मात्र जतपासून फार दूर, पाचशेहून अधिक वर्षं आधीच्या एका मुलीच्या गोष्टीत आहे. म्हणून आधी तिच्याकडे जाऊ.

सात वर्षांची वारस

तेराव्या शतकात स्कॉटलंडवर तिसरा अलेक्झांडर राज्य करत होता. त्याला दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी मार्गारेट नॉर्वेचा राजा एरिक याला दिलेली. १२८१ मध्ये धाकटा मुलगा गेला. १२८३ मध्ये मुलगी गेली, मागे एक तान्हं लेकरू ठेवून. त्या बाळाचं नावही मार्गारेटच. १२८४ मध्ये थोरला मुलगाही गेला. तीन वर्षांत राजाची तिन्ही मुलं संपली आणि समुद्रापलीकडे नॉर्वेत पाळण्यात असलेली एक नात तेवढी उरली.

फेब्रुवारी १२८४ मध्ये स्कॉटलंडच्या सरदारांनी स्कोन इथे जमून या नातीला वारस म्हणून मान्यता दिली. पण मान्यतेला एक अट होती : राजाला पुढे दुसरं मूल झालं नाही तर. राजाने दुसरं लग्न केलं. मार्च १२८६ मध्ये वादळी रात्री घोड्यावरून नव्या राणीकडे निघालेला राजा वाटेत पडून मेला. तरीही नातीचं नाव लगेच पक्कं झालं नाही. विधवा राणीला दिवस गेले आहेत असं कळल्यामुळे सगळं राज्य त्या बाळाची वाट बघत राहिलं. ते बाळ काही आलं नाही आणि मग तीन वर्षांच्या मार्गारेटशिवाय कुणी उरलंच नाही.

वारस परदेशात, वय तीन. राज्य चालवायला सहा पालक नेमले गेले. शेजारी इंग्लंडचा पहिला एडवर्ड. त्याचा मुलगा मार्गारेटपेक्षा वर्षभराने लहान. १२९० च्या बर्गम करारात या दोघांचं लग्न ठरलं. स्कॉटलंड आपल्या कायद्यांसह वेगळं आणि स्वतंत्र राहील, असं करारात स्कॉटिश पालकांनी लिहून घेतलं. मुलीला आणायला एडवर्डने यार्मथ बंदरातून जहाज पाठवलं. त्यावर काय काय भरलं त्याचा हिशेब इंग्लंडच्या दप्तरात राहिला आहे : साखर, अंजीर, मनुका, अक्रोड, आल्याची गोड भाकरी. सात वर्षांच्या पोरीला समुद्रावर काय आवडेल याचा विचार कुणीतरी केला होता. तिच्याविषयी राहिलेल्या सगळ्या कागदांत तिला मूल म्हणून पाहणारा कागद मला हा एकच वाटतो. ते जहाज रिकामं परत आलं, कारण बापाने तिला नॉर्वेच्या जहाजातूनच पाठवायचं ठरवलं.

सप्टेंबर १२९० मध्ये ती बर्गनहून निघाली. वाटेत ऑर्कनी बेटांवर ती वारली. ज्या राज्याची ती वारस होती, त्याच्या भूमीवर तिने पाऊल कधी ठेवलं नाही. तिचा देह बर्गनला परत नेला. बापाने पेटी उघडून ओळख पटवली आणि आईशेजारी तिला पुरलं.

याच्या दहा वर्षांनी बर्गनमध्ये एक बाई आली आणि म्हणाली, मीच ती मार्गारेट. तोवर एरिकही वारला होता. खरी मार्गारेट असती तर सतरा वर्षांची असती, ही बाई चाळिशीची. तरी लोकांचा तिच्यावर विश्वास बसला. १३०१ मध्ये तिला जाळलं, तिच्या नवऱ्याचं डोकं उडवलं, आणि पुढे लोकांनी तिच्या नावाने छोटं देऊळही उभं केलं. जिवंत वारसाला कुणी पाहिलेलं नसेल तर तिच्या नावावर काहीही उभं राहू शकतं. गावाकडे परागंदा वारसाच्या नावाने उभी केलेली बोगस माणसं ज्याने पाहिली आहेत, त्याला याचं नवल वाटणार नाही.

निवाडा कुणाकडे गेला

मार्गारेट गेल्यावर स्कॉटलंडच्या गादीवर तेरा जणांनी दावा सांगितला. घरात निवाडा होईना म्हणून प्रकरण एडवर्डकडे गेलं. निवाडा करायला तो तयार होता, पण आधी सगळ्या दावेदारांनी त्याला आपला धनी मानावं ही त्याची अट. त्यांनी ती मानली. नोव्हेंबर १२९२ मध्ये त्याने जॉन बेलिअलला राजा ठरवलं. चारच वर्षांत एडवर्डने स्कॉटलंडवर फौज नेली, बेलिअलला पदच्युत केलं आणि राज्याभिषेकाची शिळासुद्धा उचलून लंडनला नेली. पुढची कित्येक वर्षं तो देश लढत राहिला.

या दाव्यांत एक गोष्ट मुद्दाम पाहण्यासारखी आहे. बेलिअलचा हक्क आजीकडून आलेला, ब्रूसचा आईकडून, हेस्टिंग्जचा आजीकडून. त्या तिघी सख्ख्या बहिणी, हंटिंग्डनच्या डेव्हिडच्या मुली. एरिकने तर मेलेल्या मुलीचा बाप म्हणून दावा लावला होता. वारसा चालत आला तो बायकांमधून, पण निवाड्याच्या दिवशी समोर उभे होते ते सगळे पुरुष.

जतच्या बायका

आता आपल्या मुलखात येऊ. जत म्हणजे सांगली जिल्ह्याचं पूर्वेकडचं टोक. पलीकडे अथणी आणि विजापूर. माडग्याळची मेंढी, खिलार जनावरं, यल्लम्माची जत्रा आणि पावसाची वाट बघणारं काळं-मुरमाड रान. पूर्वेच्या गावांत निम्मं बोलणं कानडीत होतं. डफळे मूळचे चव्हाण, डफळापूरचे पाटील. आदिलशाहीत त्यांना देशमुखी मिळाली. १६८६ मध्ये विजापूर पडलं आणि सटवाजीराव मोगलांकडे गेले. घराण्याच्या इतिहासात सांगतात की सटवाजीरावांचा मुलगा बाजी चव्हाण औरंगजेबाने सातारच्या किल्ल्याला घातलेल्या वेढ्यात पडला. आमचा अजिंक्यतारा १७०० च्या एप्रिलमध्ये मोगलांच्या हाती गेला, तो हाच वेढा.

सटवाजीराव १७०६ मध्ये वारले तेव्हा त्यांचा एकही मुलगा हयात नव्हता. जहागीर गेली थोरल्या मुलाच्या विधवेकडे, येसूबाईंकडे. या येसूबाई म्हणजे संभाजीराजांच्या महाराणी नव्हेत. त्या तर तेव्हा मोगलांच्या कैदेत होत्या. जतच्या येसूबाईंनी १७५४ पर्यंत, तब्बल अठ्ठेचाळीस वर्षं कारभार केला. मोगल गेले, पेशवाई उभी राहिली, शाहू महाराजांची सगळी कारकीर्द झाली आणि जतेत याच बाई. त्यांच्या मागून पुतण्या यशवंतराव आला. संस्थानाच्या यादीत इतका दीर्घ काळ दुसऱ्या कुणाच्याही नावापुढे नाही.

पुढे १८१० मध्ये खानाजीराव वारले आणि कारभार रेणुकाबाईंकडे आला. त्यांच्याच वेळी मुलखाचा धनी बदलला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. १८१९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याचं राज्य दिलं. जत, फलटण, औंध, भोर, अक्कलकोट या जहागिरी साताऱ्याच्या छायेत आल्या आणि १८२० मध्ये कंपनीने या जहागिरदारांशी करारमदार केले. जतच्या बाजूने करार झाला तो रेणुकाबाईंशी. एक बाई जहागिरीची धनीण म्हणून कंपनी सरकारच्या कागदावर आली.

१८२२ मध्ये रेणुकाबाई गेल्या, साळूबाई आल्या. १८२३ मध्ये साळूबाईही गेल्या. मागे वारस नाही. जहागीर साताऱ्याच्या महाराजांच्या हाती आली आणि त्यांनी ती रामराव नारायणराव डफळ्यांना दिली. साळूबाईंच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी घटना म्हणजे तिचा शेवट. त्या होत्या तोवर जतचा धनी जतेत होता. त्या गेल्या आणि तो कोण हे साताऱ्याच्या राजवाड्यात ठरलं.

यात प्रतापसिंह महाराजांना मी दोष देत नाही. साताऱ्यात मुलांमुलींसाठी शाळा काढणारा, शहराला खापरी नळातून पाणी देणारा तो राजा होता. धनी म्हणून जो अधिकार होता तो त्यांनी वापरला. पण अधिकार कसा चालतो ते पाहा. १८२७ मध्ये कर्जापायी जत साताऱ्याने जप्त केलं. १८३५ मध्ये रामराव वारले. जहागीर सुटली ती १८४१ मध्ये, त्यांच्या विधवा भागीरथीबाईंच्या नावाने. त्यांनी दत्तक घेतलेला अमृतराव पुढे गादीवर आला. म्हणजे येसूबाई, रेणुकाबाई, साळूबाई, भागीरथीबाई : एका लहानशा संस्थानात चार बायका गादीवर आल्या आणि चारही वेळा कारण एकच, पुरुष वारस उरला नव्हता.

फलटणचंही तसंच. १८२५ मध्ये साताऱ्याने जहागीर जप्त केली. १८२७ मध्ये बनाजी नाईक निंबाळकरांना वारस मानलं ते तीस हजार रुपये नजराणा घेऊन. वर्षभरात ते वारले, पुन्हा जप्ती. १८४१ मध्ये त्यांच्या विधवेला दत्तक घ्यायची परवानगी मिळाली, पुन्हा तीस हजारांवर. वारस ठरवणं हा मोठा अधिकार होता आणि त्याची रोख किंमत होती. मधली तेरा वर्षं त्या बाईंनी कशी काढली असतील याचा विचार माझ्या मनातून जात नाही. नवरा नाही, मूल नाही, आणि आपल्या घरात कोण येणार हे आपल्या हातात नाही.

साताऱ्याचीच वेळ आली

ज्या साताऱ्याने जतचा आणि फलटणचा वारस ठरवला, त्या साताऱ्यावर पंचवीस वर्षांत तीच वेळ आली. १८३९ मध्ये कंपनीने प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला पाठवलं आणि धाकटे भाऊ शहाजी उर्फ आप्पासाहेब यांना गादीवर बसवलं. ५ एप्रिल १८४८ रोजी आप्पासाहेब वारले. जाण्यापूर्वी त्याच दिवशी त्यांनी वेंकोजी नावाच्या मुलाला दत्तक घेतलं होतं. मुंबईचे गव्हर्नर क्लार्क यांचं मत दत्तक मानावा असं होतं. गव्हर्नर जनरल डलहौसीने ते ऐकलं नाही.

त्याचं म्हणणं असं की दत्तक मुलाला खाजगी मालमत्ता मिळेल, पण वरिष्ठ सत्तेच्या मंजुरीशिवाय राज्य मिळणार नाही. १८४९ मध्ये सातारा खालसा झालं. झाशी आणि नागपूर नंतरची, या धोरणाखाली गेलेलं पहिलं मोठं राज्य म्हणजे सातारा. सांगलीकडे पटवर्धनांची तासगावची शाखा १८४८ मध्येच खालसा झाली होती. ज्या तासगावात परशुरामभाऊंनी बांधलेल्या गणपतीचा रथ आजही लोक ओढतात, तिथली गादी वारस नाही म्हणून संपली. जत मात्र सातारा गेल्यावर थेट कंपनीच्या अमलाखाली आलं आणि राहिलं. भागीरथीबाईंच्या दत्तकाला मान्यता मिळाली होती, एवढाच फरक.

स्कॉटलंड असो, जत असो वा सातारा, गोष्टीचा सांगाडा एक आहे. घरातला वारसा क्षीण झाला की घराबाहेरचा बळकट माणूस निवाड्याला बसतो, आणि निवाडा करणारा हळूहळू मालक होतो. मुलीचं किंवा सुनेचं नाव लागतं ते या घसरणीच्या शेवटच्या पायरीवर. तोवर इतकं काही हातचं गेलेलं असतं की ती बाई कितीही कर्तबगार असली तरी तिच्या पायाखाली जमीन उरलेली नसते. येसूबाईंना अठ्ठेचाळीस वर्षं मिळाली आणि त्यांनी जत राखलं. साळूबाईंना वर्षच मिळालं. फरक कर्तबगारीचा होता असं कुणी म्हणू नये. फरक आयुष्याचा होता.

चावडीतलं

आता हे राजेरजवाड्यांचं झालं, आपल्याला काय त्याचं, असं वाटेल. पण हाच हिशेब मी एकरा-गुंठ्यांत पाहिला आहे.

जतच्या पूर्वेकडच्या एका गावातली गोष्ट. बाप जाऊन पंधरवडाही झाला नव्हता. दोन भाऊ आणि अथणीकडे दिलेली बहीण माझ्यासमोर बसले होते. थोरला म्हणाला, "मॅडम, तिचं काय नाय. ती हक्क सोडत्या. लिवा आमच्या दोघांचंच." मी बहिणीकडे बघितलं. डोक्यावरचा पदर घट्ट धरून ती जमिनीकडे बघत होती. मी म्हटलं, "वारस म्हणून नाव सगळ्यांचं लागतं. हक्क सोडायचा तर नंतर रजिस्टर करून, आपल्या मर्जीने." आणि सहा-क ची वही तिच्यासमोर फिरवून तिचं नाव लिहिलं होतं ते दाखवलं. तिने ओळीवर बोट ठेवलं. वाचता येत होतं तिला. सावकाश वाचलं, वडिलांच्या नावासकट. मग भावाला म्हणाली, "दादा, जमीन कस तूच. पर नाव ऱ्हाऊ दे."

भावाने वाद घातला नाही. तोही वाईट माणूस नव्हता. लग्नात दिलं-घेतलं म्हणजे बहिणीचा वाटा संपला, हे त्याने जन्मभर ऐकलं होतं. आपल्याकडे मुलीचं नाव सातबारावर सहज लागलेलं मी कधी पाहिलं असेल तर ते भाऊ नसलेल्या घरात. तिथे कुणी हरकत घेत नाही. भाऊ असला की बहीण हक्कसोडावर सही करते, "चांगलं दिसत नाही" म्हणून. तेराव्या शतकातले स्कॉटिश सरदार आणि आपण याबाबतीत एकाच पंक्तीत बसतो : दुसरं कुणी नसेल तर मुलगी.

कायदा मात्र तिथून पुढे गेला आहे, आणि हे महाराष्ट्राने देशाच्या आधी केलं याचा मला अभिमान वाटतो. २२ जून १९९४ पासून महाराष्ट्राने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला मुलासारखाच हिस्सा दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली त्यातून बाहेर राहिल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अटही गेली. आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की मुलीचा हा हक्क जन्मानेच येतो. २००५ च्या त्या तारखेला बाप हयात होता की नव्हता, याने फरक पडत नाही.

मार्गारेटला गादी मिळणार होती ती दोन मामा आणि एक न जन्मलेलं बाळ संपल्यावर. साळूबाईंना मिळाली ती डफळ्यांकडे दुसरं कुणी उरलं नाही म्हणून. त्या दोघींचा हक्क कुणाच्या तरी मरणावर अवलंबून होता, म्हणून तो कुणाच्याही मर्जीने फिरवता आला. आज एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत पोरीचा हक्क तिच्या जन्मावर उभा आहे. साताऱ्याच्या महाराजांनी द्यायचा नाही, एडवर्डने ठरवायचा नाही, नजराणा भरायचा नाही.

म्हणून घरातलं माणूस गेलं की दुःखाच्या पहिल्या दिवसांत कुठल्याही कागदावर सही करू नका. सहा-क ची नोंद वाचून बघा. आपलं नाव नसेल तर नोटिशीच्या मुदतीत लेखी हरकत द्या. हक्क सोडायचाच असेल तर तो समजून-उमजून, नोंदणी कार्यालयात, आपल्या इच्छेने सोडा. आणि भावांनो, बहिणीचं नाव लागलं म्हणून घर फुटत नाही. घरं कशाने गेली ते जतने, फलटणने आणि साताऱ्याने दाखवून दिलं आहे : वारस वेळेवर, घरातच, सगळ्यांदेखत ठरला नाही, म्हणून.